ऑपरेशननंतरचा आठवा दिवस

अपेंडिक्स फुटल्यावर ऑपरेशन झालेलं लेकरू पाच-सहा दिवसांनी घरी येतं. जखम कोरडी असते, वरण-भात पोटात टिकू लागलेला असतो, शेजारपाजारचे बघून जातात. आणि आठव्या-नवव्या दिवशी त्याला जुलाब लागतात. एका वेळी चमचाभर, चिकट, पण दिवसातून दहा-दहा वेळा. संध्याकाळी अंग तापतं. लोहा तालुक्यातल्या कुठल्याही गावात याचा पहिला अर्थ एकच निघतो, की लेकराला काहीतरी बाधलं. मग ओआरएसची पुडी, जुलाब थांबवायचं औषध, फार तर एक सलाईन. यात दोन-तीन दिवस सहज निघून जातात.

अशा लेकराच्या ओटीपोटात पू साचला असेल, ही शंका सगळ्यात आधी यायला हवी. मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मध्ये एक खोलगट जागा असते. पोटातला दूषित द्रव उतरत उतरत तिथे येऊन थांबतो. त्याचा पू झाला की गुदाशयाचं अस्तर चिडतं आणि ते सारखं रिकामं व्हायला बघतं. म्हणून शौच थोडी आणि घाई फार. पुढच्या बाजूला मूत्राशयावर दाब आला की लघवीलाही सारखं पळावं लागतं. वरून पोट दाबून बघितलं तर हाताला फारसं काही लागत नाही, कारण पू कमरेच्या हाडांआड खोल बसलेला असतो. सोनोग्राफीत तो पाच-दहा मिनिटांत दिसतो. अपेंडिक्स न फुटता निघालं असेल तर असा पू क्वचितच होतो; ते आधीच फुटलेलं असेल तर साधारण पाच ते दहा लेकरांमागे एकाला होतो. आणि लहानग्यांत ते फुटलेलंच सापडण्याचं प्रमाण फार. पाच वर्षांखालच्यांत तर निम्म्याहून अधिक, कारण नेमकं कुठे दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही आणि पोटदुखी म्हणजे जंत, हे घरातलं निदान ठरलेलं असतं.

ही तपासणी जवळून बघण्यासारखी असते. सोनोग्राफीवाले डॉक्टर लेकराला आधी लघवी करून ये म्हणत नाहीत, उलट धरून ठेवायला सांगतात. भरलेल्या मूत्राशयातून ध्वनिलहरी बिनअडथळा आरपार जातात, म्हणून मागची जागा स्वच्छ दिसते. पडद्यावर मूत्राशय ठार काळं असतं. त्याच्या मागे, गुदाशयाच्या अलीकडे, एक वाटोळा करडा भाग येतो. त्याला जाडसर कड असते, आतला द्रव गढूळ असतो, आणि पोटावर टेकवलेला सोनोग्राफीचा प्रोब किंचित दाबला की त्यातले कण सावकाश फिरतात. मग डॉक्टर रक्तप्रवाह दाखवणारं रंगीत डॉपलर लावतात. कडेला लाल-निळे ठिपके उमटतात, आत एकही नाही. कडेला जिवंत रक्तवाहिन्या आहेत, पुवात त्या कुठून असणार! तरी लगेच निकाल द्यायचा नसतो. पातळ मळाने भरलेलं आतड्याचं वेटोळंही असंच दिसू शकतं. म्हणून प्रोब तिथेच धरून मिनिटभर थांबायचं. वेटोळं असेल तर ते आकुंचन पावतं, आतला द्रव पुढे सरकतो, आकार बदलतो. पू जागचा हलत नाही. बाहेर बाकावर वीस-पंचवीस माणसं ताटकळत असताना हे मिनिटभर थांबणं सोपं नाही, आणि माझ्या मते चांगला सोनोग्राफीवाला आणि घाईचा सोनोग्राफीवाला यांतला फरक नेमका तिथेच कळतो.

मोठ्या माणसांच्या पोटाची सोनोग्राफी चरबीमुळे अवघड होते. लेकरांचं तसं नसतं. कातडीपासून आतड्यापर्यंतचं अंतर जेमतेम काही सेंटिमीटर. त्यामुळे सात ते बारा मेगाहर्ट्झ किंवा त्याहूनही जास्त वारंवारितेचा प्रोब चालतो. वारंवारिता वाढली की लहरी खोल जात नाहीत, पण बारकावा वाढतो. १९८६ साली नेदरलँड्सच्या ज्युलियन पायलार्ट यांनी प्रोबने पोट हळूहळू दाबत नेऊन, मधल्या आतड्यातला वायू बाजूला सारून अपेंडिक्स बघायची रीत मांडली. आज ऑपरेशनच्या आधी आणि नंतर हीच रीत लेकरांच्या पोटासाठी वापरली जाते. नंतरच्या वेळी हात मात्र फार हलका ठेवावा लागतो, कारण टाके ताजे असतात.

सीटी स्कॅनचं गणित याच्या बरोबर उलटं आहे. सीटीत एक अवयव दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो तो बराचसा मधल्या चरबीमुळे. चरबी काळपट दिसते आणि आतड्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये सीमा आखून देते. आपल्याकडच्या किडकिडीत सहा-सात वर्षांच्या पोराच्या पोटात ती चरबीच नसते. सगळी वेटोळी एकमेकांना लागून, त्यातच पू, आणि कोणतं काय हे तज्ज्ञालाही पटकन सांगता येत नाही. मोठं आणि महागडं यंत्र म्हणजे स्पष्ट चित्र, हा हिशेब इथे लागू पडत नाही. ‘साधी सोनोग्राफीच केली, स्कॅन केलाच नाही’ ही नातेवाइकांची तक्रार म्हणूनच बऱ्याचदा बिनबुडाची असते.

लोह्याहून नांदेड तीसएक किलोमीटर. शहरात शिरायच्या आधी विष्णुपुरी लागते, आणि तिथेच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. त्याच रस्त्याने उलट्या दिशेला अहमदपूर, चाकूर ओलांडलं की लातूर, तिथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. नांदेडचं महाविद्यालय १९८८ सालचं. त्याआधी पोटाचं अवघड दुखणं म्हणजे अंबाजोगाई, औरंगाबाद नाहीतर हैदराबाद. निजामाच्या राज्यात होतो तेव्हापासूनची ही हैदराबादची वाट अजून मोडलेली नाही; आजही इथली काही घरं लेकराला घेऊन थेट निलोफर हॉस्पिटल गाठतात. मग होतं असं, की ऑपरेशन एका गावी, टाके काढले दुसऱ्या गावी आणि ताप आला की सोनोग्राफी तिसऱ्याच गावी. ज्याने पोट उघडून आतली परिस्थिती बघितली तो सर्जन आणि ज्याच्या पडद्यावर ते पोट आता आहे तो डॉक्टर, यांची कधी गाठच पडत नाही. दोघांमधला दुवा म्हणजे डिस्चार्ज कार्ड, आणि ते नेमकं घरी पेटीत राहिलेलं असतं.

कार्डावाचून का अडतं? कारण ऑपरेशन झालेल्या पोटाचं चित्र दिवस मोजल्याशिवाय वाचता येत नाही. हवेचंच घ्या. पोट उघडलं की बाहेरची हवा आत जाते आणि टाके घातल्यावर काही आतच राहते. लेकराला उभं करून किंवा बसवून एक्स-रे काढला तर श्वासपटलाखाली तिची काळी कोर दिसते. ऑपरेशन न झालेल्या लेकरात ही कोर म्हणजे आतडं फुटलं, थेट थिएटरात न्यायचं. ऑपरेशन झालेल्या लेकरात तिसऱ्या दिवशी दिसणारी तीच कोर निरुपद्रवी असू शकते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो रक्तात भराभर विरघळतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत नाहीसा होतो. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनातली साधी हवा मात्र आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त रेंगाळते. तेव्हा नुसतं ‘हवा आहे’ एवढ्याने काही ठरत नाही. परवाच्या एक्स-रेपेक्षा ती कमी झाली असेल तर ठीक. वाढली असेल तर आतड्याचा जोड कुठेतरी सुटला. आणि परवाचा एक्स-रे हाती नसेल तर हा प्रश्नच विचारता येत नाही.

पाण्याचंही तेच. ऑपरेशन संपवताना सर्जन पोट सलाईनने धुतात, ते सगळंच्या सगळं बाहेर येत नाही. शिवाय सुजलेल्या आतड्यांतून थोडा द्रव पाझरत असतो. तिसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत ‘पोटात थोडं पाणी’ असा शेरा आला की आईबापांच्या तोंडचं पाणी पळतं, पण त्या दिवशी पाणी नसतं तरच नवल. हे पाणी मोकळं असतं, कूस बदलली की जागा बदलतं. पू व्हायला, त्याच्याभोवती कड धरायला पाच ते सात दिवस लागतात. म्हणून चौथ्या दिवशी ताप आहे एवढ्यावर पू शोधायला सीटी करण्यात फारसा अर्थ नसतो. सूज, पाणी आणि कच्चा पू यांची सरमिसळ दिसते आणि निर्णय काहीच होत नाही. लेकराची तब्येत बिघडत नसेल तर अनुभवी सर्जन प्रतिजैविकं चालू ठेवून दोन दिवस थांबतात. नातेवाइकांना तो हलगर्जीपणा वाटतो.

कार्डावर काय असावं, हे आईबापांनी घरी निघतानाच विचारून घ्यावं. ऑपरेशनची तारीख, अपेंडिक्स किंवा आतडं फुटलेलं होतं की नाही, आतड्याचा तुकडा काढून जोड दिला का आणि तो कुठे, पोटात नळी ठेवली होती का, ती कधी काढली, कोणती प्रतिजैविकं किती दिवस. सोबत आधीच्या फिल्म. एवढं हाताशी असेल तर सोनोग्राफीवाल्याचा अर्धा वेळ वाचतो आणि रिपोर्टात मोघम शेरे कमी येतात.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न फार साधा असतो: गॅस पास झाला का? भूल, हाताळणी, सूज यांमुळे आतडी काही काळ संपावर जातात. पोट फुगतं, उलटी होते. यात एक्स-रे काढला तर लहान-मोठी सगळीच आतडी वायूने सारखी फुगलेली दिसतात, अगदी गुदाशयापर्यंत. खरा अडथळा असेल तर अडथळ्याच्या वरची वेटोळी ताणलेली, त्यांत हवा आणि पाणी यांच्या आडव्या रेघा, आणि खालचं पोट रितं. वाचायला हे सोपं वाटतं. तान्ह्या बाळात लहान आतडं कोणतं आणि मोठं कोणतं हेच एक्स-रेवर नीट कळत नाही, हेही लक्षात ठेवावं. उलटीचा रंग इथे फिल्मइतकाच महत्त्वाचा. हिरवी उलटी म्हणजे पित्त खाली उतरत नाहीये.

आतडी एकदा चालू होऊन, लेकरू दोन घास खायला लागून, पुन्हा पोट फुगलं तर एक दुर्मिळ पण फसवी गोष्ट आठवावी लागते: आतड्यात आतडं शिरणं. एरवी हा प्रकार सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतच्या बाळांत दिसतो. रडून रडून बाळ निपचित पडतं, शौचातून लालसर शेंबूड-रक्त येतं, पोटात गाठ लागते. ऑपरेशननंतर होतो तेव्हा यातलं बहुधा काहीच नसतं. तो लहान आतड्याचा लहान आतड्यातच शिरलेला तुकडा असतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत, आतडी बेतालपणे हलू लागतात त्या काळात होतो. हजार ऑपरेशनांत एखाद-दुसरं लेकरू. सगळे समजतात की आतडी अजून चालू झाली नाहीत, आणि थांबतात. सोनोग्राफीत मात्र तो आडव्या छेदात कांद्याच्या चकतीसारखा दिसतो, वलयात वलय. एरवीच्या प्रकारात गुदद्वारातून पाणी किंवा हवा सोडून आतडं मागे ढकलता येतं. इथे तुकडा फार वर असतो, पाणी तिथवर पोचत नाही, त्यामुळे बहुधा पुन्हा पोट उघडावंच लागतं.

मराठवाड्यात पोटाच्या ऑपरेशनाचं आणखी एक जुनं कारण म्हणजे विषमज्वर, आपण टायफॉइड म्हणतो तो. पंधरा दिवस, तीन आठवडे ताप अंगावर काढला की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या ग्रंथींना व्रण पडतात आणि एखादा व्रण आरपार फुटतो. अशा लेकराला टेबलावर घेतात तेव्हा ते आधीच तीन आठवड्यांच्या तापाने खंगलेलं असतं, आतड्याची भिंत लिबलिबीत झालेली असते, तीत टाका धरत नाही. म्हणून या ऑपरेशननंतर जोड सुटणं, जखमेतून मळ येणं, श्वासपटलाखाली पू होणं हे सगळं अपेंडिक्सपेक्षा जास्त. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली सरकारी मोहिमेतून लेकरांना टायफॉइडची नवी संयुग लस दिली. सार्वजनिक पातळीवर ती देणाऱ्या जगातल्या पहिल्या काही ठिकाणांत तिची गणना होते. पाणी गढूळ येणाऱ्या आमच्यासारख्या तालुक्यांत ती मोहीम आधी यायला हवी होती, असं मला वाटतं.

जोड सुटल्याची शंका बहुधा चौथ्या ते सातव्या दिवसात येते. तेव्हा पहिली खूण चित्रात नसते, नाडीत असते. ताप नसतानाही नाडी जलद, लेकरू मलूल, खेळण्याकडे बघतही नाही. पोट फळीसारखं कडक झालं असेल तर स्कॅनच्या रांगेत उभं राहायचंच नसतं, सर्जनला बोलवायचं असतं. शंका धूसर असेल तर तोंडावाटे किंवा गुदद्वारातून एक्स-रेवर पांढरं दिसणारं औषध देऊन ते कुठे पाझरतं का ते बघतात. इथे बेरियम वापरत नाहीत. बेरियम आतड्याबाहेर पोटात सांडलं तर ते स्वतःच भयंकर दाह करतं आणि निघता निघत नाही. त्याऐवजी पाण्यात विरघळणारं आयोडीनयुक्त औषध देतात. त्यातली काही औषधं अंगातलं पाणी आतड्यात खेचून घेतात, त्यामुळे आधीच सुकलेल्या तान्ह्या बाळाला सलाईन लावल्याशिवाय ती द्यायची नसतात.

जाता जाता जंतांबद्दल. पोटदुखीचं प्रत्येक खापर त्यांच्यावर फोडू नये हे खरं, पण ऑपरेशननंतर ते खरोखर त्रास देतात. ताप आणि भूल यांनी बिथरलेले गोल जंत आतड्यात भटकतात आणि ताज्या जोडातून बाहेर पडल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. सोनोग्राफीत जंत म्हणजे दोन चकचकीत समांतर रेषा आणि मध्ये काळी पट्टी. थोडं थांबलं तर ती जोडी वळवळताना दिसते. पडद्याकडे बघणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते वेगळे सांगायला नकोत. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती चुकवू नये, हे यातूनच आलं.

आता सीटीबद्दल, कारण त्याविषयी दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. एकीकडे ‘स्कॅनशिवाय काही कळत नाही’, दुसरीकडे ‘स्कॅनने कॅन्सर होतो’. पोटाच्या एका सीटीत लेकराला मिळणारा किरणोत्सार यंत्र, वजन आणि सेटिंग यांप्रमाणे बदलतो, पण तो काही मिलिसीव्हर्टच्या घरात असतो. जमीन, आकाश, अन्न यांतून प्रत्येकाला वर्षाकाठी जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक सीटी म्हणजे दोनेक वर्षांचा नैसर्गिक हप्ता एकदम. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या नऊ देशांतल्या, लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या साडेनऊ लाखांच्या आसपास माणसांच्या नोंदी तपासल्या. दहा हजार मुलांचा प्रत्येकी एक सीटी झाला, तर पुढच्या बारा वर्षांत त्यांतल्या एक किंवा दोघांना त्या किरणांमुळे रक्ताशी संबंधित कर्करोग होईल, असा त्याचा हिशेब निघाला. एका लेकरापुरता हा धोका अगदी किरकोळ, आणि पोटात लपलेला पू न सापडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. पण विनाकारण केलेल्या सीटीत तो किरकोळ धोकाही फुकटचाच पदरात पडतो, आणि तिसरा, चौथा स्कॅन होऊ लागला की तो किरकोळही राहत नाही.

याच जाणिवेतून २००८ साली अमेरिकेत ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली: लेकरू म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे, यंत्राची मात्रा त्याच्या वजनाप्रमाणे कमी करा. आपल्याकडे एक्स-रे आणि सीटी यंत्रांचे परवाने अणुऊर्जा नियामक मंडळ देतं. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचं मुख्यालय मुंबईतच आहे. पण परवाना भिंतीवर लावला म्हणजे काम झालं असं नाही. मोठ्या माणसाच्या सीटीत कधी कधी औषध टोचण्याआधी, टोचल्यावर लगेच आणि नंतर उशिरा, असे दोन-तीन फेरे घेतात. ऑपरेशननंतर पू शोधायला लेकराचा औषध टोचल्यावरचा एकच फेरा पुरतो. तंत्रज्ञाने सवयीने तीन फेरे घेतले तर किरणोत्सार सरळ तिप्पट. कक्षाच्या दारात उभ्या असलेल्या बापाने ‘एकच फेरा घेणार ना, लेकराच्या सेटिंगवर ना?’ एवढं विचारलं तर कुणी रागावण्याचं कारण नाही.

तरीही सीटी लागतो अशा वेळा असतात. वेटोळ्यांच्या मधोमध लपलेला पू, वायूने इतकं फुगलेलं पोट की सोनोग्राफीच्या लहरी आत शिरतच नाहीत, यकृताच्या माथ्यावर श्वासपटलाला चिकटलेला पू, किंवा सोनोग्राफी स्वच्छ पण ताप उतरेना. श्वासपटलाखालच्या पुवाची ओळख बहुधा उचकी, खांदा दुखणं, खोकला अशी होते आणि लेकराला छातीचं औषध सुरू होतं. छातीच्या एक्स-रेत उजवं श्वासपटल वर उचललेलं आणि फुप्फुसाच्या तळाशी थोडं पाणी दिसतं, तेव्हा कुठे नजर पोटाकडे वळते. एमआरआयमध्ये किरण नाहीत, पण वीस-पंचवीस मिनिटं न हलता पडून राहायचं म्हणजे चार वर्षांच्या पोराला झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि ऑपरेशनने थकलेल्या लेकराला ते देणं हा वेगळाच प्रश्न.

पू सापडला म्हणजे पुन्हा पोट उघडणार, ही भीती आता बरीच जुनी झाली. तीन-चार सेंटिमीटरपेक्षा लहान पू बहुतेक वेळा प्रतिजैविकांनीच विरतो. मोठा असेल तर सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई आत नेतात, सुईतून तार, तारेवरून एक बारीक नळी. तिचं टोक आत गेल्यावर गोल वळतं, म्हणजे ती निसटत नाही. गढूळ हिरवट पू पिशवीत येतो आणि कित्येकदा दुसऱ्या दिवशीच ताप उतरतो. गुदाशयापुढच्या पुवाला कधी कधी गुदाशयातूनच वाट करून देतात. पोट पुन्हा उघडणं टळतं, आणि मुख्य म्हणजे आतड्यांना नव्याने हात लागत नाही. नळी निघाल्यावर सोनोग्राफीत थोडा डाग उरतो. लेकरू जेवत असेल, ताप नसेल, तर त्या डागाचा पाठलाग करायला दर आठवड्याला तपासणी करायची गरज नसते.

या सगळ्यात एक कायदाही आडवा येतो, आणि तो येतो हे बरंच आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात सगळ्यांत आधी कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्र ज्या पत्त्यावर नोंदवलं तिथेच राहतं. हातात मावणारं यंत्र घेऊन डॉक्टरने गावोगाव लेकरांची पोटं तपासत फिरावं, ही कल्पना कितीही चांगली असली तरी मराठवाड्याचा इतिहास बघता ती मोकाट सोडता येणार नाही. म्हणजे लेकरालाच यंत्रापाशी न्यावं लागतं. पैशांचं ओझं थोडं हलकं होतं: आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणतात तिची सुरुवात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून झाली, आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधं त्याच पॅकेजमध्ये धरलेली असतात. पू होण्याचा काळ नेमका तोच. त्यामुळे आठव्या दिवशी तापलेलं लेकरू गल्लीतल्या दवाखान्यात न फिरवता जिथे ऑपरेशन झालं तिथेच न्यावं. तिथे कार्ड नसलं तरी केसपेपर असतो.

दहा दिवस, महिना सुखरूप गेला तरी एक गोष्ट मागे राहते. बऱ्या होणाऱ्या आतड्यांच्या पृष्ठभागावर चिकट धागे तयार होतात, दोन वेटोळी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला धरून ठेवतात. बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. काहींना, बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत, त्या धाग्याखाली आतडं अडकतं: कळा, फुगलेलं पोट, हिरवी उलटी. अशा रात्री पोटदुखीचं इंजेक्शन देऊन सकाळची वाट बघू नये. १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना आधी पोटावरचा जुना व्रण दाखवावा, कारण त्या व्रणावरूनच निदानाची दिशा ठरते. एक्स-रेत ताणलेली वेटोळी दिसतात, सीटीत आतडं नेमकं कुठे अडकलं आणि त्याला पीळ पडून रक्तपुरवठा तुटतोय का ते कळतं. तसा पीळ नसेल तर नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात आणि जोड तपासायला वापरतात तेच, एक्स-रेवर दिसणारं, पाण्यात विरघळणारं औषध त्या नळीतून सोडतात. चोवीस तासांच्या आत काढलेल्या एक्स-रेत ते मोठ्या आतड्यात उतरलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा पुन्हा ऑपरेशन करावं लागत नाही.